समुद्रकाठची गणपतीची शाळा आणि आपली माती
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा आमचा विषय समुद्रकाठच्या एका गावातील कलेचा आहे, हे ऐकून आपणांपैकी काहींस नवल वाटेल. आपला जिल्हा अवर्षणाचा. आपण समुद्र पाहिला तो बहुधा मुंबईस लग्नकार्यानिमित्त गेलो असता चौपाटीवर, नाहीतर शाळेच्या भिंतीवरील नकाशात. गोदावरी, प्रवरा, मुळा, भीमा ह्या नद्यांच्या काठची आपण माणसे. परंतु ज्या वस्तूवर आपल्या कित्येक पिढ्यांनी पोट भरले ती वस्तू, म्हणजे माती, तिकडेही आहे. आणि तिचे ते लोक काय करतात हे पाहून, व थोडेसे स्वतःच्या हाताने करूनही, आम्ही आलो आहोत. तेवढेच सांगण्याचा विचार आहे. मंडळापुढे एक मागणीही ठेवावयाची आहे. ती आरंभीच सांगितली तर काही सभासद चहाच्या निमित्ताने उठून जातील, म्हणून ती मागे ठेवली आहे.

आमची ओळख बहुतेकांस आहेच. वडिलांचे चाक थोरल्या बंधूंकडे राहिले आणि आम्ही मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिक्षक झालो. बंधूंच्या हाताला माती आणि आमच्या हाताला खडू, अशी ती वाटणी होती. सेवानिवृत्तीनंतर चिरंजीवांची बदली सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यास झाली. नातवंडास सांभाळावयास म्हणून आम्ही उभयता तेथे गेलो, ते दोन पावसाळे राहून आलो.

वेंगुर्ले हे जुने बंदर. सतराव्या शतकात तेथे डचांची वखार होती आणि तिचे भग्न अवशेष अद्याप उभे आहेत. दक्षिणेस काही कोसांवर शिरोडे, जेथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला आणि जेथल्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. आम्हां शिक्षकांस हे स्थान पंढरीच्या खालोखाल. शिरोड्याच्या अलीकडे आरवली, तेथे वेतोबाचे देऊळ. ह्या देवास भक्त केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाभोवती फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. वहाणा करणाऱ्या कारागिराचे काम देवाच्या पायी इतक्या मानाने ठेवलेले आम्ही दुसरीकडे पाहिले नाही.

पाऊस मात्र आपल्या कल्पनेपलीकडचा. आपल्याकडे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तर आपण वर्ष बरे गेले म्हणतो. तेथे तीन हजारांच्या आसपास पडतो. आषाढात घराबाहेर पडणे कठीण. अशा दिवसांत शेजारच्या एका घराच्या पडवीत रात्री दिवा जळताना दिसे आणि माणसांचा आवाज येई. चौकशी करता कळले की ती गणपतीची शाळा आहे. शाळा म्हटल्यावर आम्हांस घरी बसवेना. छत्री घेऊन गेलो.

आता ही शाळा म्हणजे काय ते नीट सांगितले पाहिजे, कारण सर्व मर्म त्यात आहे. कोकणात गावोगावी अशा शाळा आहेत. ज्या घरी गणपती येतो त्या घरचा माणूस आषाढ-श्रावणात आपल्या घरचा लाकडी पाट शाळेत नेऊन ठेवतो. पाटावर नारळ, विडा आणि दक्षिणा. हीच मागणी नोंदविण्याची रीत. कागद नाही, पावती नाही. मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती घडवितो, आणि चतुर्थीस त्याच पाटावरून ती डोक्यावर घेऊन घरी नेतात. पाट बहुधा आजाच्या वेळचा असतो. कोणाच्या घरी कमळावर बसलेला गणपती, कोणाच्या घरी मांडीवर बाळकृष्ण घेतलेला, ही रीत घरोघर ठरलेली असून मूर्तिकारास ती पाट पाहूनच आठवते. आम्ही गेलो तेव्हा त्या पडवीत शंभरावर पाट भिंतीशी उभे करून ठेवले होते. वर्गात पाट्या लावून ठेवाव्यात तसे ते दिसत होते.

ह्या व्यवस्थेतील व्यवहार आपल्या कारखानदार बंधूंनी ध्यानात घ्यावा. शंभर पाट आले तर मूर्ती शंभरच करावयाच्या. एकही अधिक नाही. म्हणून विसर्जनानंतर उरलेला माल नाही, त्यात अडकलेले भांडवल नाही आणि वर्षभर तो ठेवावयास भाड्याची जागाही नाही. श्रीमंत कोणी होत नाही, हेही खरे. बहुतेक मूर्तिकारांस दुसरा उद्योग असतो. कोणी सुतारकाम करतो, कोणी शेती, कोणी नोकरी. शाळा पावसाळ्यापुरती.

पहिल्या रात्री आम्ही भिंतीशी बसून प्रश्न विचारू लागलो. शिक्षकाची सवय. मूर्तिकार वयाने आमच्याएवढेच होते. त्यांनी काही वेळ उत्तरे दिली आणि मग मळलेल्या मातीचा एक गोळा आमच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "मास्तरानू, मातीक हात लावा, गजाली मगे." गजाली म्हणजे गप्पा. त्या दिवसापासून आम्ही त्या शाळेचे विद्यार्थी झालो. घरातील सर्वांनी हसून घेतले. परंतु आमच्या सौभाग्यवती चौथ्या दिवशी आमच्यामागून आल्या, आणि सांगण्यास हरकत नाही की त्यांचा हात आमच्यापेक्षा पुष्कळ सरस निघाला. त्यांनी माहेरी पोळ्याचे बैल केलेले. आम्ही आयुष्यभर काळ्या फळ्यावर पांढरी रेघ ओढलेली.

माती मळणे हे पहिले काम. गावच्या शेतातील चिकण माती भिजवून, खडे काढून, तीत कापूस घालून ती कणकेसारखी मळतात. कापसाने मूर्ती वाळताना तडकत नाही. आपल्याकडे मडक्याच्या मातीत राख वा लीद घालतात त्याच जातीचा हा उपाय, परंतु कारण निराळे. आपले मडके आव्यात भाजावयाचे असते, मूर्ती कच्चीच राहावयाची. काही शाळांत शाडू वापरतात. तो बराचसा गुजरातेतून येतो. धड साच्यात दाबून काढतात, हात, सोंड, कान व दागिने हाताने करतात. साचा प्लास्टरचा आणि मूर्ती मातीची, ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्लास्टर ओल्या मातीतील पाणी शोषून घेतो, म्हणून मूर्ती साच्यातून सुटते. त्या पदार्थाचे खरे काम तेवढेच होते, असे आमचे मत झाले आहे.

नंतर वाळविणे. तीन हजार मिलिमीटर पावसात कच्ची माती वाळवून दाखविणे म्हणजे काय ते आपण जाणता. कोळशाची शेगडी, पंखा आणि धीर, एवढीच साधने. मूर्ती वाळली की नाही हे आमचे ते स्नेही बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहत. ते पाहताना आम्हांस गोरोबाकाकांची आठवण झाली. संतांच्या मेळ्यात थापटण्याने एकेकाचे डोके वाजवून कोणते मडके कच्चे ते सांगणारे आपले काका! नामदेवांसारख्यास त्यांनी कच्चे ठरविले, आणि त्यामुळेच नामदेव विसोबा खेचरांकडे गेले. ही कथा आम्ही तेथे सांगितली तेव्हा पडवीतील सर्वांनी हातातील काम थांबवून ती ऐकली. तेवढी आमची फी त्या शाळेत जमा झाली असे समजावे.

रंगकाम रात्री चाले. शाळकरी मुले सोवळ्याचे मोठे भाग रंगवीत, मोठी माणसे शेला, मुकुट व दागिने करीत, आणि डोळ्यांची आखणी एकट्या मूर्तिकारांनी करावयाची. आखणी चालू असता कोणी बोलत नसे. आम्ही दुसऱ्या वर्षी मुकुटापर्यंत पोचलो होतो. डोळ्यांपर्यंत पोचण्यास आम्हांस आणखी किती पावसाळे लागले असते, हे विचारण्याचे धाडस झाले नाही.

एक गोष्ट विशेष सांगावयाची. त्या पडवीत बसणाऱ्यांत कोण कोणत्या ज्ञातीचा हे आम्हांस पहिले कित्येक दिवस कळले नाही. मूर्तिकार सुतार होते. त्यांच्याकडे शिकणाऱ्यांत शेतकऱ्याचा मुलगा होता, मच्छीमाराचा होता, बँकेतील एक कारकून होते. पलीकडच्या गावची शाळा आपल्या ज्ञातीच्या गृहस्थांची होती, आणि दोन्ही शाळांचे एकमेकांकडे जाणेयेणे होते. रंग संपला तर तिकडून येई.

कोकणातील इतर कलांविषयी थोडक्यात सांगतो. कार्तिकानंतर देवळांच्या जत्रांत दशावतारी नाटके रात्रभर चालतात. दिवसा मजुरी करणारा माणूस रात्री स्वतःचे तोंड स्वतः रंगवून राजा होतो. संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरले की बोलणे ज्याचे त्याने रचावयाचे. रंगभूमीवर एक बाक, बाजूस पेटी, मृदंग आणि झांज. आरंभी गणपती, शारदा आणि संकासुर येतात. पहाटे दहीकाल्याने समाप्ती. २०२५ साली 'दशावतार' ह्याच नावाचा चित्रपट निघाला व दिलीप प्रभावळकर त्यात होते, म्हणून आपल्या मुलांस निदान नाव ठाऊक झाले. आपल्या अकोले तालुक्यातील आदिवासी गावांत बोहाड्याची सोंगे रात्री मुखवटे घालून निघतात, ती ह्या दशावताराची भावंडे शोभतील. ती पाहावयास आपल्यापैकी किती जण गेले आहेत? अकोले काही वेंगुर्ल्याइतके दूर नाही.

सावंतवाडीचे गंजिफे पाहिले. हाताने रंगविलेली वाटोळी पाने. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. ही कला जवळजवळ बुडाली होती. संस्थानचे शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी ह्यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसविले. बक्षीस देऊन कला जगविणारे राजे पुष्कळ झाले. कुंचला घेऊन चिताऱ्यापुढे शिकावयास बसणारे थोडे.

परंतु आम्हांस सर्वांत अधिक चटका लावला तो कुडाळजवळच्या पिंगुळीने. तेथे ठाकर समाजाची मंडळी चित्रकथी सांगतात. कागदावर रंगविलेल्या चित्रांची पोथी पुढे ठेवून, एकेक चित्र दाखवीत, रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगावयाची. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले आहे. ती चित्रे पाहताना मोठे डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, ठसठशीत रेघ, हे सर्व पूर्वी पाहिल्यासारखे वाटले. मग आठवले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ह्याच वळणाची चित्रे आहेत आणि त्यांस 'पैठण चित्रे' म्हणतात, कारण ती पैठणच्या आसमंतात मिळाली. पैठण कोठे आहे? आपल्या शेवगावच्या शेजारी! जायकवाडीच्या जलाशयाचे पाणी आपल्या शेवगाव-नेवाशाच्या शिवारात शिरलेले आहे. म्हणजे जी कला आपल्या उंबरठ्यापाशी होती ती आज पाहावयाची तर पुण्यास काचेच्या पेटीत, नाहीतर घाट उतरून समुद्राच्या अंगास पिंगुळीला. तेथील लोकांनी ती सांभाळली, कारण त्यांच्या घरातील मुले ती करीत राहिली. आपल्याकडे ती करणारे हात कोणत्या पिढीत थांबले, ह्याची कोणी नोंदही ठेवली नाही.

आता आपल्याकडे येतो.

अहिल्यानगर, ज्यास २०२४ पर्यंत सरकारी कागदांत अहमदनगर म्हणत आणि ज्यास आपण सर्व नुसते 'नगर' म्हणतो, ते गणेशमूर्तींच्या कारखान्यांविषयी प्रसिद्ध आहे. येथील मूर्ती परप्रांतांतही जातात. आपल्या ज्ञातीची कित्येक घरे त्यावर उभी आहेत. ह्या सभागृहाच्या विटांतही त्या धंद्याचा पैसा आहे. तेव्हा त्या धंद्यास नावे ठेवण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. मडक्यांची जागा प्लास्टिकने आणि रांजणाची जागा शीतपेटीने घेतली तेव्हा ह्या कारखान्यांनीच चुली पेटत्या ठेवल्या. प्लास्टर हलका, झटपट घट्ट होणारा, ट्रकमधून दूरच्या बाजारास जाताना सहसा न फुटणारा. मातीची मूर्ती जड आणि नाजूक. दूरच्या बाजारासाठी प्लास्टर का आला हे उघड आहे.

परंतु त्याच्या स्वभावातच अडचण आहे. जिप्सम नावाचा खनिज दगड सुमारे दीडशे अंश उष्णतेवर भाजून, त्यातील बरेचसे पाणी घालवून ही भुकटी होते; तीत पाणी घातले की ती पुन्हा दगड होते. माती पाण्यात विरते, हा दगड तसा विरत नाही. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशा मूर्तींस मनाई करणारे नियम काढले. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची कडक अंमलबजावणी करण्यास सांगितले. जूनमध्ये मूर्ती करण्यास व विकण्यास मोकळीक मिळाली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनास नाही. आणि जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित कराव्यात असे ठरले. ह्या सहा महिन्यांत आपल्या घरांतून काय वातावरण होते ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. माल आदल्या वर्षीच तयार होता, कर्ज काढलेले होते आणि निकाल लांब होता. एका बंधूंनी आम्हांस विचारले, "गुरुजी, मातीचे काम पुन्हा करावे म्हटले तर घरात येते कोणाला?" ह्या प्रश्नाचे उत्तर त्या घरात नव्हते. आजोबा वारलेले, वडिलांनी साचे ओतण्यातच आयुष्य काढलेले, आणि मुलगा संगणक शिकत असलेला.

कायद्याचे पुढे काय व्हावयाचे ते होवो. आम्हांस त्या प्रश्नाची काळजी अधिक वाटते. कुंभाराच्या घरात मातीचे काम येते कोणाला? पोळ्याचे बैल, संक्रांतीची सुगडी, नवरात्राचे घट, अक्षय तृतीयेची केळी, लग्नातील करा, ही सर्व कामे येणारी माणसे आपल्यात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यांतील बहुतेक पुढच्या रांगेत, हातात काठी घेऊन बसली आहेत.

म्हणून मागणी अशी. चातुर्मासात लग्ने नसल्याने आपले हे सभागृह आषाढ ते भाद्रपद रिकामे असते. हिशेबतपासनीसांस विचारावे, त्या महिन्यांचे भाडे नाममात्र असते. त्या काळात येथे गणपतीची शाळा भरवावी. रोज सायंकाळी दोन तास. शिकविण्यास पुढच्या रांगेतील दोघा आजोबांनी व एका आजींनी होकार दिला आहे. विक्रीसाठी मूर्ती करावयाच्या नाहीत. कोकणाप्रमाणे पाट यावेत आणि जितके पाट तितक्याच मूर्ती व्हाव्यात. कारखानदार बंधूंच्या बाजारास त्यामुळे धक्का लागत नाही, आणि उद्या त्यांनाच मातीचे काम जाणणारी माणसे हवी झाली तर ती येथे सापडतील.

ह्यावर दोन आक्षेप कार्यकारी मंडळात निघाले, ते लपवून ठेवण्याचे कारण नाही. पहिला असा की मुलींनी यावे काय. आपल्याकडे स्त्रीने चाकावर बसू नये असा जुना दंडक आहे. माती तुडवावी, वाहावी, भांडी रंगवावी, बाजारात विकावी, पण चाक फिरवू नये! मूर्तीस चाक लागतच नाही. तेव्हा दंडक मानणाऱ्यांचाही येथे प्रश्न उरत नाही; न मानणाऱ्यांचा तर पूर्वीही नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक जोराचा आहे. मंडळाचे सभागृह, मंडळाचा खर्च. मग शाळा फक्त आपल्या मुलांसाठी असावी, विद्या बाहेर का द्यावी? असे म्हणणारे आमचे जवळचे स्नेही आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु नगरच्या कारखान्यांत आज सर्व ज्ञातींची माणसे काम करतात, त्यांस कोणी अडवू शकले नाही व अडविण्याचे कारणही नव्हते. वेंगुर्ल्याच्या त्या सुतार गृहस्थांनी एका कुंभाराच्या मुलास माती मळावयास शिकविले, तो मुलगा म्हणजे आम्ही. त्यांनी आमची ज्ञात विचारली नाही. आम्ही सांगितल्यावर मात्र ते खूप वेळ हसले. ज्यांस आपल्या मुलांची संख्या कमी पडेल अशी भीती आहे त्यांनी आपली मुले आधी पाठवावीत. बाहेरची मुले येऊन बसली आणि आपली आली नाहीत, तर दोष दाराचा म्हणता येणार नाही.

आमच्या त्या स्नेह्यांनी निघताना दोन साचे भेट दिले आहेत, एक नऊ इंची व एक बारा इंची. ते चिटणीसांच्या कपाटात आहेत. शंभर किलो मातीचे पैसे आम्ही भरले आहेत. ठराव आज मंजूर झाल्यास आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवसापासून काम सुरू करता येईल. ज्यांस पाट द्यावयाचा असेल त्यांनी घरचाच पाट द्यावा, नवा आणू नये. खालच्या बाजूस कुटुंबाचे नाव रंगाने लिहावे, आणि आपल्या घरी कोणत्या आसनाची मूर्ती बसते ते घरातील वृद्धांस विचारून कळवावे. मुलांनी जुने कपडे घालून यावे.